घोडं उलटी करत नाही

सत्ताविसाव्या भागात अंजनाबाई गजभियेंच्या घोड्यानं उलटी केली आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

घोडा दारात बांधलेला नव्हता. तो गोष्टीतला घोडा होता. मोबाईलवरच्या एका गोष्टींच्या अ‍ॅपवर अंजनाबाई 'प्रवासिनी' या नावानं एक लांबलचक कादंबरी लिहीत होत्या. तिच्यात 'टापार' नावाचे भटके लोक होते. कुठल्याही नकाशात नसलेल्या माळावर ते घोड्यांच्या पाठीवर जन्मत, तिथंच म्हातारे होत, आणि भिंत दिसली की घाबरत. सत्ताविसाव्या भागात शत्रूनं त्यांच्या सरदाराच्या घोड्याला चाऱ्यातून धोतरा घातला. घोडा तीन दिवस तळमळला आणि चौथ्या दिवशी भडाभडा उलटी करून उठून उभा राहिला. चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी करताना अंजनाबाईंनी विषबाधेची जेवढी माणसं वाचताना पाहिली होती, ती सगळी अशीच वाचली होती. पोटातलं बाहेर पडलं की माणूस सुटला. घोड्याचा नियम वेगळा असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी 'अश्वमित्र' नावाच्या वाचकानं खाली लिहिलं, "घोडं उलटी करत नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी नसते. लेखिकेनं आयुष्यात घोडा पाहिला आहे का?"

त्याच्याखाली एकोणीस जण हसले. एकीनं विचारलं, "पुढच्या भागात घोड्याला ओआरएस देणार का?" आणि अंजनाबाईंचं तोंड उतरलं, कारण अठ्ठाविसाव्या भागात मीठ-साखरेचं पाणी त्यांनी खरोखरच लिहून ठेवलं होतं.

हसण्यावारी न्यावं इतकी ही गोष्ट त्यांच्यासाठी लहान नव्हती. नवरा, खेमराज, जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी समीक्षा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ती रविवारी अकरा वाजता फोन करायची, सात-आठ मिनिटं बोलायची. नोकरीत असताना बिरसी गावात त्यांच्या दाराची कडी कोणत्याही वेळी वाजायची. आता उपकेंद्रात नवी, तरणीताठी नर्स आली होती आणि कडी गंजली होती. दिवसभर डोक्यावरून गावाशेजारच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं घिरट्या घालत. अंगणात बसून बसून अंजनाबाईंना ती चालवणारी पोरं ओळखू यायला लागली होती. एक जण वळताना दर वेळी जरा जास्तच वाकायचा, तो घाईचा. एक जण उतरता उतरता पुन्हा वर जायचा, तो भित्रा. हे कोणाला तरी सांगावंसं वाटायचं. एका रविवारी समीक्षाला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

ते अ‍ॅप समीक्षानंच मोबाईलवर टाकून दिलं होतं, वाचायला. अंजनाबाईंनी त्यात लिहायला सुरुवात केली. आधी स्वतःच्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या. त्या अकरा जणांनी वाचल्या. मग एका कंटाळलेल्या दुपारी टापार लोक लिहिले आणि चारशे बारा माणसं गोळा झाली. 'ताई, पुढे काय झालं?' असं चारशे बारा माणसं विचारत होती. साठ वर्षांच्या बाईला पुढे काय झालं, असं गावात कोणीच विचारत नव्हतं. मात्र हे लिखाण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. रिटायर नर्सबाई तलवारी आणि घोड्यांच्या गोष्टी लिहिते म्हटल्यावर गाव पोट धरून हसलं असतं.

उलटीनंतर चारशे बाराचे दोनशे साठ झाले. तेव्हा अंजनाबाईंनी वही-पेन घेतलं, पायात चप्पल घातली आणि त्या टिकाराम घोडीवाल्याकडे निघाल्या.

टिकारामचं घर कामठ्याच्या रस्त्याला, गावाबाहेर होतं. पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव त्याच्या पांढऱ्या घोडीवर बसून मांडवात गेले होते. वय बासष्टच्या आसपास, बायको मागेच गेलेली. लग्नसराईला अजून दोन महिने अवकाश होता, त्यामुळे घोडी मोकळी होती आणि टिकारामही. तो तिला बादलीनं आंघोळ घालत होता.

"घोडीले उलटी होते का जी?" अंजनाबाईंनी फाटकातूनच विचारलं.

टिकारामच्या हातातला ब्रश थांबला. "कोन म्हनते?"

"कोनी नाई म्हनत. मी इचारून राह्यली."

"कोन्या लग्नवाल्यानं शिकायत केली का? माही राणी साफ हाय बाई. तिनं कोनाच्या मांडवात कवा घान नाई केली."

"शिकायत नाई वो बाप्पा. होते का नाई होत, येवढंच सांगा."

"नाई होत. घोड्याच्या पोटात गेलेलं वर येत नाई. म्हून त खानंपिनं पाहून द्या लागते."

अंजनाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. वही पाहताच टिकारामनं घाईघाईनं खुर्ची आणून पुसली. जो लिहून घेतो तो सरकारी, हा त्याचा अनुभव होता. खुर्ची मिळाल्यावर अंजनाबाईंनी पुढचं विचारलं. निजते कशी? बहुतेक उभ्यानंच, जिथं भ्या वाटत नाही तिथं थोडा वेळ आडवी होते. राग आला की? कान मागं. गाभण किती दिवस? अकरा महिने. मग घोडीच्या पायाशी बसलेल्या शेळीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "आन हे?"

"हे तिच्या सोबतीले हाय," टिकाराम म्हणाला. "घोडं एकटं राहत नाई बाई. एकटं ठेवलं का खानं सोडते. दुसरी घोडी माह्यानं पोसनं होत नाई, म्हून शेळी ठेवली. ते काई बोलत नाई, काई करत नाई. पन हाय ना बाजूले."

अंजनाबाई लिहिता लिहिता थांबल्या. घरी येऊन त्यांनी टापारांचा सगळा उगमच बदलून टाकला. आधी ते एका शूर राजाचे वंशज होते. आता ते मागं राहिलेल्या माणसांचे वंशज झाले. एका गावातून दुष्काळात सगळे निघून गेले, एक म्हातारी तेवढी उरली. एके दिवशी दोर तुटलेली घोडी तिच्या दाराशी आली. म्हातारी तिच्यामागं चालू लागली. पुढच्या गावात एक लंगडा उरला होता, त्याच्या पुढच्या गावात एक बाळंतीण. असे उरलेले जमत गेले आणि त्यांचे टापार झाले. म्हणून टापार कोणाला 'तू कुठला?' असं विचारत नाहीत. म्हणून त्यांच्यात कोणी एकटं जेवत नाही. माणूस मेला की वर्षभर त्याच्या घोड्यावर कोणी बसत नाही. तो रिकाम्या खोगिरानं सगळ्यांबरोबर चालतो, आणि जेवायच्या वेळी माणसं मोजताना मेलेलाही मोजतात. आणि प्रत्येक घोड्यामागं एक शेळी असते.

अश्वमित्रानं लिहिलं, "आता घोडा घोड्यासारखा वाटतो. शेळी कुठून सुचली?" दोनशे साठचे पाचशे झाले.

मग अंजनाबाई रोज चार वाजता जायला लागल्या. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून स्टीलच्या डब्यात भिजवलेले चणे आणि गूळ न्यायच्या. वाटेत निर्मलाबाईंचं घर लागायचं. निर्मलाबाई शेजारच्या, तीस वर्षांच्या ओळखीच्या. त्यांच्या नजरेतून विमान निसटलं असतं, पण डबा निसटणं शक्य नव्हतं.

"डबा घेऊन कुठं वो, अंजना?"

"टिकारामकडं."

"कायले?"

"घोडीसाठी चने हायेत."

निर्मलाबाईंनी डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. घोडीला डब्यातून, तेही झाकण लावून, कोणी खायला नेत नाही, हे त्यांना न सांगताही कळत होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्या मुद्दाम शेताची वाट सोडून टिकारामच्या कुंपणामागून गेल्या. तिथं त्यांच्या कानावर दोन-तीनच वाक्यं पडली.

"सांज झाली का लय वाईट वाटते जी तिले," टिकाराम म्हणत होता. "फाटकाकडं पाहत उभी रायते."

"मंग काऊन नाई करत जोडी?" हा अंजनाबाईंचा आवाज.

"आता या वयात कोनासंग जमन?"

"वयाचं काय हाय? मन मिळालं का झालं."

निर्मलाबाईंना याहून जास्त ऐकायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बिरसीला बातमी लागली आणि उरलेल्या अर्ध्या गावाला ती आधीपासूनच माहीत होती असं निघालं.

हे सगळं हवेतच विरलं असतं. पण तेवढ्यात एका वाचक बाईनं लिहिलं, "ताई, तुमची म्हातारी पहिल्यांदा घोडीवर बसते, तेव्हा तिला नेमकं काय वाटतं ते लिहा ना. तुम्ही तर घोड्यांमध्येच राहता." आता उलटीचा धडा ताजा होता. न पाहिलेलं लिहायचं नाही, असं अंजनाबाईंनी ठरवलं होतं.

"मले बसवता का एक डाव?" त्यांनी विचारलं.

टिकारामनं त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "बसा. पन खोगीर लग्नाचंच हाय. दुसरं नाई."

लाल मखमल, त्याला जरीची झालर, मानेला घुंगुरमाळ. स्टूल ठेवून, 'अवो माय, अवो माय' करत अंजनाबाई एकदाच्या वर चढल्या. टिकारामनं लगाम धरला आणि जीभ टाळ्याला लावून टकटक आवाज केला. घोडी हलेना. मानेवर थोपटलं, गूळ दाखवला. गूळ खाल्ला आणि पुन्हा दगडासारखी उभी.

"तिले बाजा लागते," टिकाराम खजील होऊन म्हणाला. "बाजाशिवाय चालाची तिले सवयच नाई."

"मंग?"

टिकारामनं खिशातून मोबाईल काढला, बँडवाल्यांचं एक नाचायचं गाणं मोठ्यानं लावून मोबाईल पुन्हा शर्टाच्या खिशात टाकला. घोडीनं कान टवकारले, एक पाय उचलला, दुसरा उचलला आणि ती फाटकातून जी बाहेर पडली ती थेट गावाच्या दिशेनं.

"थांबवा जी!"

"आता नाई थांबत. मांडव येईलोक चालते ते."

वरातीला कधी घाई नसते, तशी घोडीलाही नव्हती. तीस पावलं चालायची, थांबायची, पुढचे पाय आलटून पालटून नाचवायची, गाण्याचं कडवं संपलं की पुढे निघायची. टिकारामचे दोन्ही हात लगामाला अडकलेले, त्यामुळे खिशातलं गाणं बंद करणं शक्य नव्हतं. लोक दाराशी आले. दोघं-तिघं केवळ सवयीनं नाचायलाही लागले. अंजनाबाईंनी खोगिराची कडी दोन्ही हातांनी गच्च धरली होती आणि डोळे मिटले होते. मग त्यांनी हळूच एक डोळा उघडला. वरून गाव वेगळंच दिसत होतं. कुंपणापलीकडची अंगणं दिसत होती, वाळत घातलेल्या वड्या दिसत होत्या, आणि जो तो मान वर करून त्यांच्याकडेच पाहत होता. इतकी माणसं एकदम त्यांच्याकडे बघताहेत असं शेवटचं कधी झालं होतं, हे त्यांना आठवेना. भीती होतीच, पण भीतीच्या खाली कुठंतरी बरं वाटत होतं. हे लिहायला पाहिजे, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

चौकात नवरात्रातल्या शारदेचा मांडव उभा राहत होता. मांडव म्हटल्यावर घोडीनं आपलं काम संपल्यासारखी मान हलवली आणि ती बरोबर कमानीपुढे थांबली. तिथं निर्मलाबाई आणि चार बाया जागा झाडत होत्या. निर्मलाबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. नवरदेवाची घोडी दारात आली की तिच्या पायावर पाणी घालायचं, हे त्यांचे हात पन्नास वर्षं करत आले होते. डोकं थांबवायच्या आत हातांनी तांब्या घोडीच्या खुरांवर रिकामा केला.

"अवो माय," मागून त्यांच्यातली रुख्मा पुटपुटली, "नवरी घोडीवर आन नवरदेव पायी."

त्याच संध्याकाळी निर्मलाबाईंनी पुण्याला समीक्षाला फोन लावला.

समीक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाला उतरली. घरी येऊन तिनं बॅग ठेवली, आईला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले. हे बोलणं तिनं सगळ्या प्रवासात मनाशी घोळवलेलं दिसत होतं.

"आई, पहिल्यांदा हे ऐक. माझी काहीच हरकत नाही."

"कशाची?"

"तुझं आयुष्य आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तू एकटी असतेस, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या आईनं पण केलं. मजेत आहेत दोघं."

"काय केलं?"

"फक्त एवढंच, की तो माणूस कसा आहे ते मला एकदा बघू दे."

"कोणता माणूस?"

"आई, आता लपवू नकोस. सगळ्या गावानं वरात पाहिली."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अगं, तसं काहीच नाही. मी तिथं टापारांसाठी जात होते."

"टापार कोण? त्यांचं आडनाव का?"

"आडनाव नाही. लोक आहेत ते. घोडेवाले, भटके."

"आई," समीक्षाचा आवाज जरा घट्ट झाला, "त्यांना घरदार तरी आहे ना?"

शेवटी अंजनाबाईंनी मोबाईल काढून तिच्या हातात दिला. समीक्षा वाचायला लागली. पहिलं पान, दुसरं पान, मग तिनं न बघताच खुर्ची मागं ओढून घेतली. "हे तू लिहिलंस? एकटीनं?" ती म्हणाली. अंजनाबाई काही उत्तर देणार एवढ्यात कडी वाजली.

दारात टिकाराम उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल, पायात लग्नात घालायचे बूट.

"या ना जी, बसा."

"बसत नाई. उभ्यानंच सांगतो." त्यानं समीक्षाकडे पाहून हात जोडले, मग अंजनाबाईंकडे वळला. "नर्सबाई, तुमी मोठं मानूस. माह्या भावाचे दोन्ही लेकरं तुमच्या हातानं झाले. पन माह्यानं नाई होनार."

"काय नाई होनार?"

"लगन."

डोक्यावरून एक विमान घरघरत गेलं.

"मी कवा इचारलं तुमाले?" अंजनाबाई म्हणाल्या.

"नाई इचारलं ना. पन गाव म्हनून राह्यलं का आता इचारतीनच. पोरगीबी आली बोलनी कराले. म्हून म्हटलं, आगुदरच नाई सांगून द्यावं. तुमचा शब्द वाया कायले जाऊ द्याचा?"

"अवो पन मले—"

"तुमच्यात काई खोट नाई," टिकारामनं त्यांना बोलू दिलं नाही. पाठ केलेलं मध्येच तुटेल अशी त्याला भीती असावी. "खोट माह्यात हाय. पस्तीस साल झाले, दुसऱ्याइचे लग्न लावून राह्यलो. धूर, बाजा, रुसनं-फुगनं, जेवनाची बोंब. आता लगन म्हटलं का माह्या कानात ढोल वाजते. आन माह्याच लग्नात माही घोडी मीच धरून चालू का? बरं नाई दिसत ते."

समीक्षा झटकन स्वयंपाकघरात गेली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, पण त्यात हसणं पूर्ण बुडालं नाही.

"टिकारामजी," अंजनाबाई शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "मी गोष्ट लिहून राह्यली. घोडेवाल्या लोकाइची. त्याच्यासाठी येत होती तुमच्याकडं."

टिकारामनं त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं. मन मोडलेल्या माणसाच्या हो ला हो म्हणावं, हे त्याला कळत होतं. "हो जी," तो म्हणाला, "लिवा. लिवल्यानं बरं वाटते." आणि पाठ फिरवून निघून गेला.

अंजनाबाई दारातच उभ्या राहिल्या. टिकारामशी लग्न करायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आजही कोणी विचारलं असतं तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं. पण तो नकार त्यांनी द्यायचा होता. न मागितलेल्या गोष्टीलाही कोणी नाही म्हटलं की हात रिकामा वाटतो, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. समीक्षा वाचत वाचत तशीच जेवली.

रविवारी ती परत गेली. निघताना गळ्यात पडून म्हणाली, "आई, उलटीचं मलाही माहीत नव्हतं गं." गाडीत बसल्यावर तिचा फोन आला, पोचल्यावर आला, मग तिचं ऑफिस सुरू झालं.

टिकारामकडे जाणं तर आता शक्यच नव्हतं. चार वाजले की अंजनाबाई वही उघडून बसत. माळावर टापार होते, घोडे होते. पण सगळे जागच्या जागी उभे. कोणी हलेना. त्यांनी वही मिटली.

इकडे टिकारामनं पानठेल्यावर सांगून टाकलं होतं, "मी नाई म्हटलं बाप्पा तिले." त्यानं ते शेखी मिरवायला सांगितलं नव्हतं, नर्सबाईंना कोणी नावं ठेवू नयेत म्हणून सांगितलं होतं. परिणाम मात्र असा झाला, की ज्या बाया आठवडाभर तोंडाला पदर लावून हसत होत्या त्यांचं काळीज एकदम भरून आलं. सोमवारी दुपारी कडी वाजली. निर्मलाबाई, रुख्मा आणि आणखी तिघी होत्या. कोणाच्या हातात वाटीभर वडे, कोणाच्या टोपलीत बरबटीच्या शेंगा.

"मरून जाय तो," निर्मलाबाई पायरीवर ऐसपैस बसत म्हणाल्या. "त्याले घोडीच पुरे."

"आंगाले लीदीचा वास येते त्याच्या," रुख्मा म्हणाली.

"तसं नाई वो," अंजनाबाई म्हणाल्या. "माहं तसं काई नव्हतंच."

"हो ना माय," सगळ्या एका सुरात म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

मंगळवारीही त्या आल्या. कोणाचा नवरा कसा वागतो, कोणाच्या सासऱ्यानं काय केलं, हे निघालं. अंजनाबाईंनी पुन्हा सांगितलं की तसं काही नव्हतं. बुधवारी त्यांचं डोकंच फिरलं. चौतीस वर्षं गावाची नाडी धरलेली बाई, आणि गावानं तिला अशी बिचारी करून ठेवावी? त्यांनी मोबाईल आणला आणि 'आयका' म्हणून टापारांच्या उगमाचा भाग मोठ्यानं वाचून दाखवला. म्हातारी, घोडी, लंगडा, बाळंतीण, शेळी, सगळं.

वाचून झालं.

"हे लोक एका जागी राहतच नाई?" रुख्मानं विचारलं.

"नाई."

"मंग राशन कुठं भेटते त्याइले?"

"म्हनजे तू," निर्मलाबाई सावकाश म्हणाल्या, "खरंच घोडीसाठीच जात होती?"

"तेच सांगून राह्यली ना तीन दिवस!"

"अस्सं." निर्मलाबाईंनी सोललेले दाणे पदरात घेतले. त्यांचा चेहरा फसवणूक झाल्यासारखा दिसत होता. "बरं हाय गोष्ट. चाला वो, गाई येतीन आता." आणि पाचही जणी उठून गेल्या.

गुरुवारी कोणी आलं नाही.

चार वाजले, साडेचार वाजले. अंजनाबाईंनी चहाला आधण ठेवलं होतं, पाच कपांचं. ते आटून दोन कपांचं झालं. डोक्यावरून तो भित्रा पोरगा तिसऱ्यांदा उतरता उतरता पुन्हा वर गेला. मोबाईलवर सहाशे माणसं 'पुढे काय?' म्हणत होती, पण त्यातल्या एकालाही पायरीवर बसता येत नव्हतं. वाऱ्यानं कालच्या शेंगांची सालं अंगणभर पसरली होती. ती झाडायला त्यांनी झाडू उचलला आणि तसाच परत ठेवला.

पाच वाजता शेजारच्या अंगणात सूप वाजायला लागलं. निर्मलाबाई तांदूळ पाखडत होत्या. अंजनाबाई कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जरा वेळ थांबल्या. मग त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला. तो नीट पोचला नाही असं वाटलं, म्हणून दुसरा सोडला.

सूप थांबलं. "काय झालं वो?"

"काई नाई."

"काई नाई कसं? तोंड पाहू." निर्मलाबाई कुंपणाजवळ आल्या. "पन तू त म्हनली ना, गोष्टीसाठी जात होती?"

अंजनाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. साठ वर्षांत त्या खोटं असं फारसं बोलल्या नव्हत्या. पेशंटला 'दुखणार नाही' म्हणाल्या असतील, तेवढंच.

"आता सर्व्याइसमोर काय सांगू वो, माय," त्या खाली बघत म्हणाल्या.

निर्मलाबाईंचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. "मले मालूमच होतं!" त्यांनी सूप तिथंच टाकलं आणि मागं वळून गल्ली दणाणेल एवढ्या मोठ्यानं हाक मारली, "रुख्मे! ये वो लवकर! आन टोपली घेऊनच ये, उशीर लागनार हाय!"

अंजनाबाई आत गेल्या आणि आधणात आणखी तीन कप पाणी ओतलं.